कठड्याच्या आत

"मावशी, ही छोटी कबर कोणाची?" मोजपट्टी गुंडाळत मृण्मयीने विचारले.

छायाबाईच्या हातातला खराटा थांबला.

मॅक्रे घराण्याच्या थडग्यांभोवती लोखंडी कठडा होता. स्कॉटलंडहून आलेल्या पहिल्या मॅक्रेने नाशकात कापसाची जिनिंग काढली, मग दवाखाना, मग शाळा. त्याच्या नावाचा रस्ताही होता, तो नंतर दुसऱ्याच्या नावाने झाला. आता घराण्याचं जे काही उरलं, ते इथे गवतात आडवं होतं. ते नीट करायला घराण्यातली शेवटची म्हातारी, मार्गारेटबाई, काठी टेकत आली होती. मृण्मयी तिची आर्किटेक्ट, इंदिरानगरची पोरगी. वाईट नव्हती. पण तिला उत्तर हवं होतं.

"ज्याची ओळख लागेल त्याला दगड बसणार, मावशी. बाकी सगळं खणून फरशी. हा उंचवटा कोणाचाच नसेल तर माणसं उद्या काढतील तो."

"खाली काय निघालं तर?"

"डंपरमध्ये जाईल."

मार्गारेटबाई कापऱ्या आवाजात काहीतरी म्हणाली. मृण्मयीने मराठीत सांगितलं, "ह्यांच्या आजोबांची धाकटी बहीण इथेच गेली. रांगत होती. एल्सी. तिची कबर कोणालाच सापडली नाही. ही तीच असेल का, विचारतात."

उंचवट्याला चुन्याचा हात दिलेला होता. कडेने गोदावरीतले गोटे, उशाला सदाफुली.

"तीच," छायाबाई म्हणाली.

"नक्की ना?"

"रोज झाडते मी. मला नाय कळणार?"

खाली सुजाता होती. छायाबाईची लेक. जुलाब लागले आणि दवाखान्यात खाट मिळेपर्यंत पोर उरली नाही. दूधपितं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. नदीकाठी पुरायचं, तर तिथे कुत्र्यांनी एक उकरलेलं भिकनने त्याच आठवड्यात पाहिलं होतं. छायाबाईचा नवरा भिकन या कब्रस्तानाचा राखणदार. त्याने कठड्याचं कुलूप उघडलं आणि आपल्या हातांनी खोल खणलं. त्या साहेबांनी असल्या माणसांसाठी आयुष्यात एक चांगलं काम केलं असेल, तर ते हे, की कठडा भक्कम बांधला. कुत्रं आत जात नव्हतं.

संध्याकाळी फाटकाशेजारच्या खोलीत भिकनने ताट बाजूला सारलं.

"पोरगी देऊन आलीस व्हय त्यांना?"

"मग काय, खणू देऊ?"

"आमची हाय म्हणायचं. तोंड नव्हतं का तुला?"

"तुमची नोकरी जाईल, जाऊ द्या. पण तिला काढतील ना ओ. फावड्यानं."

"माझ्या लेकीच्या छातीवर दुसऱ्याचं नाव."

"नाव वर ऱ्हाईल. ती खाली हाय."

"मी ते नाव तोंडातून काढणार नाय. मेलो तरी."

जिवंत माणसाला या शहरात कागद लागतो, हे भिकनला माहीत होतं. मेलेल्यालाही घराणं लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दगड बसला. पांढरा संगमरवर, त्यावर वळणदार इंग्रजी अक्षरं. कब्रस्तान समितीच्या लोकांनी मार्गारेटबाईला शाल-श्रीफळ दिलं, भाषणं केली, आपापले फोटो काढून घेतले. भिकन आला नाही. मार्गारेटबाई मात्र त्या लहान दगडापाशी गुडघे टेकून बसली आणि रडली. मग तिने छायाबाईचा हात धरला.

"म्हणतात," मृण्मयी म्हणाली, "आमचं लेकरू तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत. आमच्या घरात कोणाला जमलं नाही."

"त्यांना म्हणावं, पुढंबी सांभाळीन."

म्हातारीने डोळे पुसले, पुन्हा काही विचारलं.

"तुम्हाला मुलं किती, विचारतात."

छायाबाईने हात सोडवून घेतला नाही. म्हातारी दुष्ट असती तर सोपं गेलं असतं. खरी एल्सी कुठे आहे कोण जाणे. तिच्यावरून एखादा रस्ता गेला असेल. तिलाही आई होतीच.

"नाय," ती म्हणाली. "झालीच नाय मला."

महिन्याभराने एका शाळेची मुलं कब्रस्तान बघायला आली. मृण्मयी माहिती सांगत होती. भिकन दाताळ्याने पाला ओढत होता. बायकोशी तो कामापुरतंच बोलायचा. गवंड्याने उपटून फेकलेली सदाफुली त्यानेच दगडाच्या उशाला परत लावली होती, तीही न बोलता.

एका मुलीने गजांतून हात आत घातला.

"काका, हे बाळ आहे का? वाचता येत नाहीये. काय नाव होतं त्याचं?"

पाण्याची बादली घेऊन येणारी छायाबाई वाटेतच उभी राहिली. आता हा बोलणार. बोलला की संपलं.

भिकनने दगडाकडे पाहिलं. मग मुलीच्या हाताकडे. बोटं सदाफुलीपर्यंत पोचली होती.

"एल्सी," तो म्हणाला. घसा खाकरून त्याने पुन्हा सांगितलं, "एल्सी. सायबाची पोर. फूल नको तोडू, बाळा."

मुलं पुढे गेली. भिकनने दाताळं कठड्याला टेकवलं आणि तिथेच मातीत बसला. छायाबाईने बादली त्याच्याजवळ ठेवली. फडकं पिळून अर्धं त्याच्या हातात दिलं. ते तिने आधीच फाडून दोन केलं होतं.

मग दोघं दगड पुसायला लागली. आधी अक्षरांच्या खाचांतली माती.