रजईखालचं पीठ

थंडीत पीठ लवकर फुगत नाही, म्हणून तिचा नवरा पावाच्या पिठाचं पातेलं सरळ अंथरुणात, रजईखाली ठेवायचा. जन्मभर भट्टीवर राबलेला माणूस. सुट्टीच्या दिवशीही त्याचे हात स्वस्थ बसत नसत. ती करवादायची, "तुम्हाला पीठ निजवायला माझीच जागा सापडते का?"

तो गेल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत नणंद राहायला आली. "वहिनी, दादाच्या हातच्या लुसलुशीत पावांची फार आठवण येते गं. तू करून बघ ना."

तिने दोनदा केले. दोन्ही वेळा पीठ ओट्यावर गारठून बसलं आणि पाव दगडासारखे झाले.

"या पावांची तर कुंपणाची भिंत होईल गं," नणंद हसली.

तिसऱ्यांदा तिने कोमट दुधात यीस्ट भिजवलं, पीठ मऊ मळलं आणि झाकलेलं पातेलं नवरा निजायचा त्या बाजूला रजईखाली ठेवलं. मग स्वतःही आडवी झाली आणि त्याच्या पाठीला टेकायची तशी पातेल्याला पाठ टेकवून पडून राहिली. डोळा कधी लागला ते कळलंच नाही.

"अगं बाई, चादरीचं काय झालं हे!" नणंदेच्या ओरडण्याने तिला जाग आली. पीठ टम्म फुगून, झाकण ढकलून चादरीवर उतरलं होतं. नणंदेने पातेल्याला हात घातला.

"राहू द्या, वन्सं," ती न उठताच म्हणाली. "थोडा वेळ तरी. किती दिवसांनी यांची बाजू गरम लागतेय."