खामसिंगच्या वाटचा घास

भिक्षा वाढता वाढताच थोंगसी आजी कलंडली. तिच्या टोपलीतला चिकट भात धुळीत सांडला आणि भिक्षूंची रांग थबकली. शेजारीण वानने तिला धरून उठवलं, तर हाताला नुसती हाडं लागली.

"काल काय खाल्लंस?" वानने दरडावून विचारलं.

"भात. मिरचीशी."

"आणि नदीवरून मासा आणलास तो?"

आजी सांडलेला भात गोळा करू लागली. मासा नुकताच केळीच्या पानात बांधून मोठ्या भन्तेंच्या पात्रात गेला होता. नवरा, खामसिंग, मेकाँग नदीत बुडाला तेव्हापासून हे असंच चाललं होतं. भिक्षूंना वाढलेलं मेलेल्या माणसाला पोचतं, म्हणून अंडं असो की मासा, चांगलंचुंगलं त्याला. मागं उरेल ते तिला. दात गेल्यापासून तर तेही धड चाववत नव्हतं. शहरातल्या लेकीने फोनवर विचारलं, की मात्र "पोटभर जेवले" हे ठरलेलं.

भन्ते सगळं ऐकून पुढे गेले. पण विहारातलं जेवण उरकल्यावर त्यांनी वानकरवी आजीला बोलावून घेतलं आणि अर्ध्या माशाचं ते पान तिच्यापुढे सरकवलं.

"जेव, थोंगसी."

"त्याचं आहे ते, भन्ते. दिलेलं परत कसं घेऊ?"

"त्याला पोचलं. हे मागं उरलं. उरलेलंच खातेस ना तू?"

"आणि उपाशी मरून त्याच्याकडे गेलीस," वान म्हणाली, "तर तो आधी भांडेल. म्हणेल, आता मला वाढणार कोण?"

आजी ओठांत हसली. काटे काढून तिने एक घास तोंडात घातला. दान देण्याआधी चाखायचं नसतं. स्वतःच्या हातचा मासा ती कित्येक वर्षांनी खात होती. हिरड्यांनी बराच वेळ चघळला आणि तिचा चेहरा उतरला.

"मीठच नाही गं! इतकी वर्षं त्याला असलं अळणी घालत होते मी?"

वानने बोट लावून चाखलं.

"बरोबर आहे की मीठ, आजी. छान झालाय."

"आहे?"

"आहे."

आजी पानाकडे बघत राहिली. चव तिच्याच तोंडातून गेली होती. कधी, कोण जाणे.

"मग असू दे," ती म्हणाली. "त्याला नीट पोचतंय."

आणि मान खाली घालून, औषध घ्यावं तसा, तिने दुसरा घास घेतला.