काळ्या अँबॅसडरवरचे चंदेरी ठिपके

फाटकाला रंग मारा, असा रोशनबीनं सकाळपासून धोशा लावला होता. दुसऱ्या दिवशी लेकीचा, मेहकचा निकाह, कोडोलीहून वऱ्हाड येणार, आणि फाटक गंजलेलं. तिचा नवरा चमन रंगकामच करायचा. तो म्हणाला, "वारं लई सुटलंय, उद्या पहाटं मारतो." रोशनबी ऐकेना. शेवटी त्यानं कॉम्प्रेसर लावला आणि फवाऱ्यानं फाटक चंदेरी करून टाकलं.

दुपारी शेजारच्या सोमशेखरअण्णांची आरोळी उठली. "चमनभाई! भायेर या आधी!"

भिंतीपलीकडं अण्णांची काळी अँबॅसडर उभी होती. मेहक सासरी जाणार ती याच गाडीतून, हे ती शाळेत होती तेव्हापासूनच ठरलेलं. अण्णांनी गाडी धुऊन पुसून तयार ठेवली होती. आता टपापासून बॉनेटपर्यंत चंदेरी ठिपके! रोशनबीनं हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं.

चमन घाईनं थिनर घेऊन आला, तसा अण्णांनी त्याचा हातच धरला. "खालचा काळा रंग उतरंल की! हात लावू नगासा. पोरीसाठी दुसरी गाडी बघा."

असं म्हणून ते पायरीवर बसले.

"अण्णा, ह्यांचा काय दोष न्हाय. मीच मागं लागलो हुतो," ती म्हणाली आणि तडक रिक्षानं शाहूपुरीत गेली. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात कृष्णात नावाचा माणूस होता. गाडीवर उडालेला रंग काढायची एक चिकणमातीची वडी नुकतीच यायला लागली होती, ती त्यानं दिली. "साबणाच्या पाण्यानं पत्रा ओला ठेवा. हलक्या हातानं फिरवा. आणि वडी खाली पडली तर टाकून द्या. खडा चिकटला तर गाडीवर वरखडे उठतील."

अण्णा हात लावू देईनात. "मागं, डिकीच्या कोपऱ्यात," रोशनबी म्हणाली, "तळव्याएवढी जागा द्या. बिघडली तर पुन्हा नाव काढणार न्हाय."

अण्णांनी मान डोलावली.

तिनं वडी कणकेसारखी मळली, पत्र्यावर साबणाचं पाणी ओतलं आणि फिरवू लागली. आधी खरखर आवाज आला. मग कमी झाला. मग हात लोण्यावरून गेल्यासारखा सरकला. तिनं फडकं मारलं. खालून काळाभोर, ओला ओला दिसणारा रंग वर आला, आणि वडीला चांदीचा थर.

"अय्यो!" अण्णा उठलेच. "आण हिकडं, अर्धी मला दे."

मग काय! अण्णांनी बॉनेट धरलं, रोशनबीनं दारं, चमन पाणी मारत फिरत राहिला. अण्णांची बायको मल्लव्वा फडकी पिळून द्यायला आली. मेहंदीचे हात वर धरून मेहक नुसती ओरडत होती, "अम्मी, आरशाखाली ऱ्हायलंय!" एकदा वडी रोशनबीच्या हातून मातीत पडली. जिवावर आलं, तरी तिनं ती फेकून दिली आणि अण्णांच्या अर्ध्यातला तुकडा घेऊन काम रेटलं. ऊन उतरेपर्यंत तिची बोटं सुरकुतली, खांदे भरून आले, पण टपावर एक ठिपका राहिला नाही. वरून अण्णांनी स्वतः पॉलिश चढवलं.

दुसऱ्या दिवशी निकाह लागल्यावर वऱ्हाडातली माणसं नवरा-नवरीआधी गाडीभोवतीच गोळा झाली. बॉनेटमध्ये बघून एकजण फेटा सारखा करत होता. मेहकचे सासरे म्हणाले, "पावणं, गाडी नवीन रंगवली काय?"

"रंगवली न्हाय," अण्णा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या रोशनबीनं रंग काढून दावलाय! नाद करायचा न्हाय!"

मांडव हसला. रोशनबीनं पदर सावरला, लेकीला मागच्या सीटवर नीट बसवलं आणि दार असं दणक्यात लावलं, की गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला.