मार्लीन परेडमध्ये नव्हती

अमेरिकेत वेस्ट विंडसरला उत्तराच्या शेजारी आयव्ही जोसेफ राहायच्या. मूळच्या त्रिनिदादच्या, तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. आता डोळ्यांना अंधुक दिसायचं. उत्तराला डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे तिचा दिवस बहुतेक त्यांच्याकडेच जायचा. ती त्यांना मावशी म्हणायची.

दरवर्षी एकतीस ऑगस्टला त्रिनिदादच्या स्वातंत्र्यदिनाची परेड पाहायला मावशी तिकडे जायच्या. २००७ साली तर त्यांची मुलगी मार्लीन महिला पोलिसांच्या तुकडीपुढे चालणार होती. पण जुलैत मावशी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. तिकीट कॅन्सल केलं.

परेडच्या सकाळी उत्तरा लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेली. इंटरनेटवरचं चित्र अगदी लहान, त्यात सारखं अडकत होतं. बँड वाजला तशा मावशी उशीला टेकून ताठ बसल्या. महिला पोलीस आल्या. टोप्या सारख्या, चेहरे पुसट.

"पुढे आहे ती मार्लीनच ना गं?"

उत्तराला काहीच ओळखू येत नव्हतं. "हो मावशी, तीच."

"पाय बरोबर पडतायत?"

"अगदी बरोबर."

मावशी स्क्रीनवर बोटं टेकवून रडायला लागल्या.

नोव्हेंबरात त्या न्यूमोनियाने गेल्या. मार्लीन आली. दफन झाल्यावर किचनमध्ये कप विसळताना तिने विचारलं, "परेडच्या दिवशी आईजवळ तू होतीस ना?"

"होते. तुला बघून खूप रडल्या."

मार्लीनने नळ बंद केला. "मी नव्हतेच परेडमध्ये. आदल्या दिवशी सरावात चक्कर येऊन पडले. पोटातलं तीन महिन्यांचं बाळ गेलं माझं. परेडच्या संध्याकाळी आईला सांगायला फोन केला, तर तीच आधी म्हणाली, किती छान चाललीस पोरी. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

उत्तरा म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, तू आहेस म्हणून. मला दिसत नव्हतं काही."

मार्लीन रागावली नाही. "तिचंही पहिलं बाळ असंच गेलं होतं," ती हळूच म्हणाली. "मला फक्त तिच्यापाशी रडायचं होतं."

ती ओल्या हातांनीच फरशीवर बसली. उत्तरा तिच्या शेजारी बसली. बाहेरच्या खोलीत चर्चची माणसं जेवायला थांबली होती, त्यांना वाढायला कुणी उठलं नाही.