पॅसेज क्रमांक तीन: समोरच्या कोवाल्स्कीबाई

अमेरिकन माणसाचं घर कसं असतं, हे चीनमधल्या बारावीच्या मुलांना समजावून सांगायचं काम सुनेत्रा खानझोडेकडे आलं, तेव्हा तिला मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत ती एकाही अमेरिकन माणसाच्या घरात गेलेली नव्हती. ही गोष्ट तोपर्यंत तिच्या लक्षात आलेली नव्हती. घरं तिने पुष्कळ पाहिली होती. नोव्हायमधली, कँटनमधली, ट्रॉयमधली. त्या सगळ्या घरांत दारातच चपलांचा ढीग असे, आतून फोडणीचा वास येई आणि यजमान घर दाखवताना तळघर राहण्याजोगं फिनिश कधी करणार ते सांगत.

अकोल्याच्या कॉलेजात सुनेत्राने सात वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. नंतर नवरा संजीव गाड्यांच्या सीटचं डिझाइन करायला इकडे आला आणि त्याच्यामागून ती डिपेंडंट व्हिसावर आली. या व्हिसावर माणसाला सगळं करता येतं, फक्त नोकरी करता येत नाही. २००७च्या उन्हाळ्यात ग्रीन कार्ड आलं. सप्टेंबरात तिने ॲन आर्बरमधल्या एका छोट्या कंपनीची जाहिरात पाहिली. चिनी हायस्कूलच्या मुलांसाठी ही कंपनी इंग्रजी आकलनाची सरावपुस्तकं काढायची. तीनशे शब्दांचा उतारा, खाली चार प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. लेखक अमेरिकेत राहणारा हवा, एवढीच अट. नऊ वर्षं राहतेय, असं तिने अर्जात लिहिलं. कुठे बसून राहतेय, हे कुणी विचारलं नव्हतं.

संपादक होत्या लिन झाओ. फोनवर त्या फार हळू आणि फार थोडं बोलायच्या. "पाच पॅसेज पाठवा," त्या म्हणाल्या. "आम्ही तिकडच्या एका शाळेत मुलांकडून सोडवून घेतो. पाचही पास झाले तर चोवीस पॅसेजचं पूर्ण पुस्तक तुमचं. मुखपृष्ठावर नाव."

मुखपृष्ठावर नाव. सुनेत्राला हे काम किती हवं होतं, ते तिने संजीवलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो "मग कर की" म्हणाला असता आणि विषय संपला असता.

सार्वजनिक वाचनालय, पिवळी स्कूलबस, पत्रपेटी, पहिला बर्फ हे चार पॅसेज तिने आठवड्यात लिहिले. पाचव्याचा विषय झाओबाईंनीच दिला होता, 'एक अमेरिकन शेजारी'. पुस्तकातल्या क्रमाने तो तिसरा होता, म्हणून पॅसेज क्रमांक तीन.

विषय सोपा होता. स्वयंपाकघरातल्या सिंकसमोर खिडकी आणि खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, डॉरथी कोवाल्स्कीचं घर. बाई सत्तरीच्या. सकाळी सात दहाला त्यांच्या गॅरेजचं दार वर जाई. मंगळवारी कचऱ्याचे डबे बाहेर, बुधवारी आत. चार जुलैला झेंडा. त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला कोणतं फावडं कोणत्या खिळ्याला टांगलेलं असतं, हे सुनेत्राला आपल्या किचनमधल्या डब्यांपेक्षा नीट माहीत होतं. ऊन पडलं की भिंतीवरची एक फोल्डिंग खुर्ची खाली येई आणि बाई गॅरेजच्या तोंडाशी कॉफी घेऊन बसत. शेजारची दुसरी खुर्ची भिंतीवरच असे. सुनेत्रा हात हलवी, बाई हात हलवत. नऊ वर्षं.

हे सगळं तिने लिहिलं. पॅसेज जिवंत व्हावा म्हणून एक प्रसंगही घातला. एकदा जानेवारीच्या शेवटी बाईंकडे पंधरा गाड्या आल्या. काळे कोट घातलेली माणसं फॉइल लावलेले ट्रे घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सुपर बोल होता. 'अमेरिकन लोकांना फुटबॉल इतकं आवडतं,' सुनेत्राने लिहिलं, 'की ते आदल्या दिवसापासूनच जमतात.' ही माहिती तिला संजीवने दिली होती.

चौथा प्रश्न असा होता: लेखिका आणि शेजारीण यांच्या नात्याबद्दल उताऱ्यावरून काय समजतं? ए, त्या नातेवाईक आहेत. बी, त्या एकमेकींची सुखदुःखं जाणणाऱ्या मैत्रिणी आहेत. सी, त्या एकाच ऑफिसात काम करतात. चौथा पर्याय सुचेना. कुणीच निवडणार नाही असं काहीतरी हवं होतं. तिने लिहिलं: डी, त्या एकमेकींच्या घरात कधीही गेलेल्या नाहीत.

उत्तर: बी.

तीन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, झाओबाईंचा फोन आला.

"चार पॅसेज पास," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यात प्रॉब्लेम. प्रश्न चार. दोनशे बारा मुलांपैकी एकशे नव्वद जणांनी डी लिहिलं."

"कठीण प्रश्न आहे," सुनेत्रा म्हणाली.

"नाही. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलं, सगळीच्या सगळी, डी. बी फक्त अकरा जणांनी लिहिलं. त्यातल्या नऊ जणांनी प्रश्न दोनमध्ये मिसेस कोवाल्स्की हे कुत्र्याचं नाव आहे हा पर्याय निवडलाय."

सुनेत्राची बाजू घ्यायला ही अकराच माणसं होती.

"आमच्या कामात याचा अर्थ एकच होतो," झाओबाई म्हणाल्या. "हुशार मुलं एकजात चुकत नाहीत. उत्तर चुकलंय. एकतर उत्तर बदला, नाहीतर पॅसेज असा बदला की बी दिसेल. सोमवारपर्यंत. आणि एका मुलीने शेरा लिहिलाय. शिक्षकांनी भाषांतर करून पाठवलाय. ईमेल करते."

ईमेल आला. रोल नंबर एकतीस. खाली दोनच ओळी होत्या. 'ती माणसं फुटबॉलसाठी आली नव्हती. उताऱ्यात त्या दिवशी कुणीही ओरडलेलं नाही, आणि दुसरी खुर्ची कधीच खाली आलेली नाही.'

सुनेत्राने ते दोनदा वाचलं. मग खिडकीतून समोर पाहिलं. खुर्ची भिंतीवर होती.

रात्रीच्या जेवणाला तिने पॅसेज टेबलावर ठेवला. संजीवने वरणभात कालवत वाचला, पोळी तोडत प्रश्न वाचले.

"डी," तो म्हणाला.

"तू तर आपल्या घरातला आहेस!"

"म्हणूनच म्हणतोय ना यार. कोवाल्स्कीबाईंचा मिस्टर कोण, हे तरी माहितीये का तुला?"

"वॉल्टर. पत्रपेटीवर लिहिलंय. टूरवर असतो. तूच सांगितलंस."

"मी? मी म्हटलं असेल, टूरवर असेल." संजीव पाणी प्यायला. "कधी म्हटलं?"

"आले तेव्हा. अठ्ठ्याण्णवला."

बारा वर्षांच्या आन्याने कागद ओढून घेतला. तिला मराठी समजायची, पण उत्तर ती इंग्रजीतच द्यायची. "मॉम, इट्स डी. ऑब्व्हियसली." मग तिसरा परिच्छेद पुन्हा वाचून म्हणाली, "वेट. इज दॅट अ फ्युनरल?"

संजीवने ताक मागितलं.

शनिवारी सकाळी सुनेत्राने दिवाळीच्या शंकरपाळ्यांची पहिली खेप तळली. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. तळायची घाई नव्हती. पण हात हलवत कुणाच्या घरी जायचं नाही, असं तिला अकोल्यात शिकवलं होतं, आणि अमेरिकेत फोन केल्याशिवाय जायचं नाही, असं इथे. कोवाल्स्कीबाईंचा नंबर तिच्याकडे नव्हता. उरला शंकरपाळ्यांचा डबा. बेत साधा होता: डबा द्यायचा, बाई आत बोलावतील, सोफ्यावर दहा मिनिटं बसायचं, भिंतीवरचे फोटो बघून घ्यायचे. दहा मिनिटांत पॅसेज बी करण्याइतका माल मिळाला असता.

गॅरेजचं दार वर होतं. बाई पानं भरलेल्या पिशव्या बांधत होत्या. सुनेत्राने रस्ता ओलांडला. चाळीस पावलं होती. खिडकीतून जास्त वाटायची.

"तुम्ही समोरच्या," बाई म्हणाल्या.

"हो. सुनेत्रा."

"सु..."

"सू चालेल," सुनेत्रा म्हणाली. अकोल्याच्या प्राध्यापक खानझोडे मॅडमने हे ऐकलं असतं तर वर्गाबाहेर काढलं असतं. "आमचा सण येतोय. हे गोड आहे."

बाईंनी हातमोजे काढले, डबा उघडला, एक शंकरपाळं खाल्लं, आणखी दोन घेतली. आत या म्हणाल्या नाहीत. मागे वळल्या, भिंतीवरची खुर्ची उतरवली, उघडून ठेवली. मग दुसरीपाशी गेल्या. ती खिळ्यात अडकून बसली होती. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा निघाली. तिच्यावर धूळ होती. बाईंनी ती जॅकेटच्या बाहीने पुसली.

"बसा," त्या म्हणाल्या. "वॉल्टरची आहे."

सुनेत्रा बसली. खुर्चीचा कापडी पट्टा जरा सैल झालेला होता, जड माणूस बरीच वर्षं बसल्यावर होतो तसा.

"वॉल्टर..." तिने सुरुवात केली. पुढचं वाक्य इंग्रजीत कसं करावं ते सात वर्षं शिकवूनही तिला येईना.

"चार वर्षं होतील जानेवारीत," बाई म्हणाल्या. "सुपर बोलच्या आदल्या दिवशी पुरलं. गाड्या पाहिल्या असतील तुम्ही."

"पाहिल्या."

"तुमचे मिस्टर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. त्यांनी मला अंगठा दाखवला आणि ओरडून म्हणाले, 'हॅव फन!'"

सुनेत्राला तिथल्या तिथे फावड्याच्या खिळ्याला टांगून घ्यावंसं वाटलं. "आम्हाला वाटलं..."

"माहितीये काय वाटलं ते." बाई हसायला लागल्या होत्या. "माझी बहीण म्हणाली, कसली माणसं आहेत! मी म्हटलं, वॉल्टर असता तर लोळला असता हसून. त्या आठवड्यात मी तेवढंच हसले."

मग बाईंनी कॉफी आणली. ती आणायला त्या आत गेल्या तेव्हा दार क्षणभर उघडं राहिलं आणि सुनेत्राला एका फ्रिजची बाजू दिसली. वॉल्टर मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षं होता, शेवटची सहा वर्षं आत अंथरुणाला खिळून. मुलगा टेक्ससला. तो फोन करतो, पण टीव्ही चालू ठेवून.

"आता मी विचारू?" बाई म्हणाल्या. "रागावू नका. वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या आसपास, तुमच्या गॅरेजमध्ये चाळीसएक जोड बूट-चपला असतात. काय किमतीला देता?"

"काय देतो?"

"बूट. मी बहिणीला सांगितलंय, ती माणसं सेल लावतात, पण बोर्ड का लावत नाहीत कळत नाही. मला आठ नंबर लागतो."

सुनेत्राने गणपती समजावून सांगितला. हत्तीचं डोकं आलं तिथे बाईंनी मान डोलावली. विसर्जन आलं तिथे, "एवढा आणून मग बुडवता?" असं विचारलं आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "हां. ठीक आहे."

दीड तासाने सुनेत्रा उठली. थंडीने पाय बधिर झाले होते. डबा बाईंकडेच राहिला. घरात ती गेलेली नव्हती.

रविवारी ती पॅसेज उघडून बसली. आता चौथ्या प्रश्नाचं काय करायचं ते तिला कळेना. डी खरंच होतं, अजूनही. पण काल दुपारपासून बी अगदीच खोटंही उरलं नव्हतं. संजीव मागून म्हणाला, "अगं, बी ठेव आणि लिही की सोफ्यावर बसले. बीजिंगहून कोण बघायला येतंय?"

"एकतीस नंबर बघेल," सुनेत्रा म्हणाली.

तिने झाओबाईंना लिहिलं. फुटबॉलचं वाक्य काढा. ती प्रेतयात्रेनंतरची माणसं होती, चूक माझी, रोल नंबर एकतीसला सांगा की ती बरोबर होती. आणि प्रश्न चार रद्द करा. त्याला आता दोन बरोबर उत्तरं आहेत. एकाच प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं ठेवता येत नाहीत हा तुमचा पहिला नियम मला माहीत आहे, त्यामुळे पाचही पॅसेज पास झाले असं मला म्हणता येत नाही. 'पाठवा' दाबलं, आणि उठून ओटा पुसायला लागली. ओटा आधीच स्वच्छ होता.

सोमवारी सकाळी उत्तर आलं. झाओबाई लिहितानाही थोडंच लिहायच्या. 'प्रश्न रद्द. इतर लेखक चुकीच्या उत्तरासाठी माझ्याशी तीन-तीन आठवडे भांडतात. करार सोबत जोडलाय. चोवीस पॅसेज. पहिले आठ नोव्हेंबरअखेर. कृपया काही घराच्या आतले असावेत.'

'घराच्या आतले' या शब्दांपाशी ती थांबली होती, एवढ्यात दारावरची बेल वाजली. बाहेर कोवाल्स्कीबाई उभ्या होत्या. हातात तिचा डबा होता. धुऊन आणला असणार, रिकामा, असं सुनेत्राला वाटलं. अमेरिकन माणूस डबा रिकामाच परत करतो, असं ती पॅसेजमध्ये लिहिणारच होती. डबा जड लागला. आत बटाटा भरलेल्या, बटरमध्ये परतलेल्या पोलिश पिरोगी होत्या. करंजीच्या सासुरवाशीण बहिणी शोभाव्यात अशा.

"या ना आत," सुनेत्रा म्हणाली, आणि मागे वाळत घातलेल्या कपड्यांचा स्टँड आठवून तिचा जीव अर्धा झाला.

कोवाल्स्कीबाई उंबऱ्यात थांबल्या. एका हाताने चौकट धरली, वाकल्या आणि कुणी काही सांगायच्या आत आपले आठ नंबरचे बूट काढून भिंतीशी नीट जोडीने ठेवले.