आळशी पायाचा ऑर्गन

ऑर्गनकाकू सकाळी घरून निघाल्या त्याच भांडायच्या तयारीने. आज मेकॅनिक बाई येऊन चर्चचा ऑर्गन तपासणार होती, आणि ती काय म्हणते त्यावर पाळकसाहेब ठरवणार होते, की हे जुनं धूड ठेवायचं की भंगारात देऊन एक हलका कीबोर्ड आणायचा. कीबोर्ड वाजवायला साहेबांची मेहुणी टपलेलीच होती. तिची बोटं किती भराभर पळतात हे ऐकून ऐकून काकूंचे कान किटले होते. पळू देत की, शर्यत थोडीच आहे! पण ऑर्गन गेला की आपणही गेलो, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. नवरा वारल्यापासून घर खायला उठत होतं, आणि रविवारची ती ऑर्गनपुढची जागा तेवढी त्यांची म्हणून उरली होती.

चर्च गावाबाहेरचं आणि लहानसं. बाकांच्या दोन ओळी, समोर साहेबांचा चौथरा आणि डाव्या कोपऱ्यात ऑर्गन. वर हातांच्या पट्ट्या, खाली पायांनी दाबायच्या लांब लाकडी पट्ट्या. मेकॅनिक बाई तोंडात स्क्रू धरूनच बोलणाऱ्यांपैकी होती.

"काय होतंय याला?"

"वरचं सगळं ठणठणीत आहे," काकू ठासून म्हणाल्या. "फक्त पायाचा खर्ज गेलाय. आमचे हे गेले, मग मी चार-सहा रविवार आलेच नाही. आले तर खर्ज गायब. पडून राहिला, दमट हवा लागली, दुसरं काय! आणि आलाच आहात तर त्याचा आळशीपणाही काढा."

"आळशीपणा?"

"पाय दाबला की आवाज जरा मागून येतो. म्हणून मी पाय आधी टाकते, बोटं मग. वर्षानुवर्षांची सवय झालीय आता."

बाईने तोंडातला स्क्रू काढला. "काकू, विजेच्या ऑर्गनला उशीर माहीतच नसतो. दाबलं की वाजलं."

"वाजवते मी की तुम्ही?"

पाळकसाहेब एकदम खिडकीबाहेरचं झाड न्याहाळू लागले.

बाईने वरची एकेक पट्टी दाबली, एकेक बटण वरखाली केलं, कान लावून खरखर ऐकली. दोन पट्ट्या मुक्या निघाल्या, आवाज कमीजास्त करायचं पेडल कुरकुरलं, बाकी सगळं सुरात होतं. काकूंचा टांगणीला लागलेला जीव जरा खाली आला. मग बाई पाठीमागची फळी काढायला निघाली, आणि त्याआधी प्लग काढायला वाकली.

"जपून हं, ढिला आहे तो," काकू म्हणाल्या.

त्या प्लगवरून काकूंच्या नवऱ्याला अख्खी मंडळी प्लगकाका म्हणायची. उपासना सुरू झाली की काका ऑर्गनच्या बाजूला, भिंतीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसत आणि शेवटचं गीत संपेपर्यंत हलत नसत. मध्येच प्लग निसटला तर हिची फजिती होईल, म्हणायचे. बायकोच्या ऑर्गनचा चौकीदार म्हणून लोक त्यांना चिडवायचे आणि ते खुशाल हसायचे.

बाईने प्लग ओढला. निघेना. शेवटी तिने भिंतीला पाय लावून दोन्ही हातांनी हिसका दिला.

"हा ढिला? माझा खांदा निखळला असता!"

"सॉकेट नवा आहे," साहेब म्हणाले. "मी इथे येण्याआधीच बदललाय म्हणे."

"आमच्या ह्यांना भीतीच फार," असं म्हणून काकूंनी विषय सोडून दिला.

मागची फळी निघाली. बाईने टॉर्च मारला आणि आणखी खाली वाकून आत बघितलं.

"काकू, खर्ज कधी गेला म्हणालात?"

"सांगितलं ना, हे गेल्यानंतर."

"इकडे या जरा."

काकू वाकल्या. खर्जाच्या मोठ्या स्पीकरमध्ये कागदाचा पडदा असतो, तो नव्हताच. नुसतं लोखंडी कडं होतं आणि त्यात उंदराचं वाळून कोळ झालेलं घरटं. वायर कुरतडलेली होती, उघडी पडलेली तांब्याची टोकं हिरवी पडली होती, आणि त्या टोकांवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. तेही जुनं, बोट लावताच भुगा झालं.

"हे दोन-चार महिन्यांचं काम नाही. पाच-सात वर्षं तरी हा स्पीकर मेलेला आहे. जास्तच."

"काहीतरीच काय बोलता!" काकूंचा आवाज चढला. "ह्या कानांनी ऐकलाय मी! साहेब, तुम्ही सांगा. खर्ज वाजत होता की नाही?"

"होता की," साहेब म्हणाले. "मी स्वतः ऐकलाय."

"यातून?" बाईने कड्यातून हात आरपार घालून दाखवला. "शक्यच नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. काकूंनी पुन्हा एकदा आत डोकावून पाहिलं. मेलेल्या स्पीकरमधून इतके रविवार वाजत होतं ते काय?

बाई ऑर्गनच्या बाजूला गेली आणि तिथल्या लाकडावरून तिने हात फिरवला. सगळीकडे पॉलिश होतं, एका जागी मात्र घासून पार उडालं होतं. ती बुटक्या स्टुलावर बसली, तशी ती जागा बरोबर तिच्या खांद्याशी आली.

"इथून तुमचे पाय स्वच्छ दिसतात, काकू," ती म्हणाली. मग खांदा लाकडाला टेकवून, ओठ मिटून, तिने जमेल तितका खालचा सूर धरला.

काकूंचा हात ऑर्गनवर होता. हाताखालचं लाकूड थरथरलं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मला समोरून दिसायचं," साहेब चाचरत म्हणाले. "काकांची नजर खाली असायची. ओठ मिटलेले, पण गळा हलायचा. मला वाटायचं, मनातल्या मनात प्रार्थना करतात."

"अहो, त्यांना गाता कुठे यायचं!" काकू ओरडल्याच. आणि ओरडता ओरडताच त्यांना ते आठवलं. लग्नानंतरची पहिली उपासना होती. चारचौघांत त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "तुम्ही गाऊ नका हो, कपाट सरकवल्यासारखं वाटतं." सगळे हसले, तेही हसले. त्यानंतर या माणसाने घरात कधी साधं गुणगुणलंही नव्हतं.

आणि वाजवून घरी आल्यावर त्या दर रविवारी करवादायच्या, "तुमच्या लाडक्या ऑर्गनचा पाय भारी आळशी आहे." बूट काढता काढता ते म्हणायचे, "वय झालं त्याचं. सांभाळून घे."

काकू बाकावर बसल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आला तो संताप. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि हा माणूस एका शब्दाने बोलला नाही! कुणाशी भांडायचं आता?

बाईने आपला तपासायचा स्पीकर आणला, नवी वायर जोडली, प्लग लावला. "वाजवून बघता?"

काकूंनी नेहमीचं गीत धरलं. सवयीने पाय आधी पडला. त्याबरोबर दणदणीत, सुरेल, निर्दोष खर्ज घुमला, एकटाच. बोटं मागून पोचली. पुन्हा पाय, पुन्हा खर्ज पुढे. काकू थांबल्या. नव्या स्पीकरचा आवाज चांगला होता, आणि त्यांना तो ऐकवेना.

"बघा, जराही उशीर नाही," बाई हळूच म्हणाली. मग ती साहेबांकडे वळली. "वरचं सगळं चांगलं आहे. स्पीकर आणि वायर बदलली की अजून पुष्कळ वर्षं चालेल. टाकू नका हा."

"मग ठेवू," साहेब लगेच म्हणाले. "काकू, ऑर्गन राहतोय."

ज्यासाठी कंबर कसून आल्या होत्या ते काकूंना न भांडता मिळालं होतं. पण त्यांचं लक्ष होतं बाजूच्या स्टुलाकडे.

"अहो बाई, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "या खर्जाला थोडा उशीर करता येईल का?"

बाईने हातातली वायर खाली ठेवली. "करता येईल. एक सर्किट बसवावं लागेल. पण किती उशीर हवा, काकू?"

काकूंनी पाय पट्टीवर ठेवला आणि दाबून धरला.

"कुणीतरी माझा पाय पडलेला बघेल," त्या म्हणाल्या, "आणि मग श्वास घेईल. तेवढा."