धाकटीचा तिसरा प्रयत्न

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टमधल्या एका आकड्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि कागद टेबलावरून धाकटीकडे सरकवला.

"बाकी सगळं उत्तम आहे. हा एक आकडा मला पसंत नाही. मूत्रपिंडं नीट काम करत नसली की हा वाढतो."

धाकटीने कागदाला हात लावला नाही. चोपन्न वर्षांत तिला कुणी नापास केलं नव्हतं, कारण परीक्षेला बसायच्या आतच तिची शाळा सुटली होती. त्यानंतर तीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत तिने ओल्या चादरींची गाठोडी उचलली. ताईची मूत्रपिंडं गेली तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं आणि जुळलं ते हिचं एकटीचं. महिनाभर ती त्याच तोऱ्यात होती. ताईला मूत्रपिंड द्यायचं तर आपलंच, त्यात विचारायचं काय!

"म्हणजे हिचं चालणार नाही?" शेजारच्या खुर्चीतून ताईच्या नवऱ्याने, भावोजींनी विचारलं. त्यांना स्वतःला मधुमेह, त्यामुळे ते पहिल्याच फेरीत बाद झाले होते.

"असंच राहिलं तर दुसरं कुणी शोधावं लागेल."

दुसरं कुणी नव्हतंच, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.

धाकटीच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे दडवलेला पांढऱ्या पावडरीचा डबा आला. चार वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून ती जिममध्ये गेली आणि तिथलीच होऊन बसली. तिची कोच म्हणजे मुलीच्या वयाची पोरगी. तिनेच वर्षापूर्वी क्रिएटिन सुचवलं. 'मावशी, जादूबिदू नाही हं. रोज एक छोटा चमचा पाण्यातून. व्यायाम केलात तरच उपयोग. एकदोन उचली जास्त होतील, एवढंच.' आणि खरंच झाल्या. पण भावोजींनी एकदा तो डबा पाहिला आणि आकाशपाताळ एक केलं. हे पहिलवानांचं विष आहे, केस गळतील, मिशा फुटतील, मूत्रपिंडं सडतील! मिशा काही फुटल्या नाहीत. धाकटीने मात्र डबा लपवला, आणि तपासणीच्या फॉर्मवर 'आणखी काही घेता का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहून टाकलं, कारण भावोजी शेजारीच बसले होते.

भावोजींचं खरं ठरलं तर? स्वतःच्या हौसेपायी आपण ताईच्या वाटणीचं मूत्रपिंड नासवलं असेल तर? सांगावं तर ते जन्मभर ऐकवतील. न सांगावं तर ताई जन्मभर डायलिसिसच्या मशीनला जोडलेली.

"मी पावडर घेते," ती एकदम म्हणाली. "क्रिएटिन. वर्ष झालं. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही."

भावोजींनी कपाळावर हात मारून घेतला. "तरी मी सांगत होतो! कानीकपाळी ओरडत होतो!"

"थांबा हो जरा." डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "रोज किती घेता?"

"एक छोटा चमचा. तीन-चार ग्रॅम."

"आणि वजनं उचलता?"

"परवा नव्वद किलो उचललं." एवढ्या संकटातही आवाजात ऐट आलीच.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"अहो, मग हा आकडा वाढणारच! त्या पावडरीचं शरीरात शेवटी जे होतं, तेच आम्ही रक्तात मोजतो. शिवाय स्नायू जास्त असले तरी तो वाढतो. एवढ्यावरून मूत्रपिंड बिघडलं असं म्हणता येत नाही. धडधाकट माणसाला या मात्रेने सहसा अपाय होत नाही. तुमच्या ताईंना मात्र चिमूटभरही देऊ नका. तीन आठवडे बंद करा, मग पुन्हा तपासू. स्नायूंशी संबंध नसलेली आणखी एक तपासणी आहे, तीही करू." मग त्यांचा आवाज कडक झाला. "पण फॉर्मवर खोटं लिहिलंत ते वाईट केलंत. त्या एका शब्दापायी तुमची बहीण अडकली असती."

धाकटीने मान खाली घातली.

तीन आठवड्यांनी दोन्ही तपासण्या चोख आल्या. धाकटीने रिपोर्टची घडी घातली नाही. सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरून तिने तो डायलिसिसच्या वॉर्डात नेला.

ताईने तो वाचला आणि परत दिला. "ऑपरेशन सोळा तारखेला आहे."

"सोळा? डॉक्टर तर सहा म्हणाल्या होत्या."

"मी पुढे ढकलायला लावलं. बारा तारखेला तुझी स्पर्धा आहे ना? पन्नाशीपुढच्या बायकांची?"

धाकटीने हे घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. सहा तारीख ऐकल्यावर मुकाट्याने नाव मागे घ्यायचं तिने ठरवून टाकलं होतं.

"तुझ्या त्या कोच पोरीने सांगितलं," ताई म्हणाली. "फोन केला होता मी तिला."

"वेड लागलंय का तुला, ताई?"

"दहा दिवसांनी काही बिघडत नाही, विचारलंय मी. नंतर कितीतरी महिने तुला वजन उचलू देणार नाहीत. आणि या वॉर्डात दोन महिने मी तुझ्या बढाया मारतेय. एकदा डोळ्यांनी बघायला नको?"

बारा तारखेला ताई हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत बसली. पाठीला टेकायला भावोजींनी घरून उशी आणली होती. पावडर बंदच होती, तरी धाकटीने पहिल्या प्रयत्नात ऐंशी आणि दुसऱ्यात अठ्ठ्याऐंशी उचललं, आणि ती तिसऱ्या नंबरावर आली.

"मावशी, आता पंच्याण्णव," कोच पोरगी म्हणाली. "सोनं आहे."

पंच्याण्णव तिने कधीच उचललं नव्हतं. ती बारपाशी गेली, वाकली, बोटं आवळली. मग तिने बोटं सोडली, सरळ उभी राहिली, पंचांकडे बघून मान हलवली आणि खाली उतरली.

बक्षिसं वाटून झाल्यावर गळ्यात ब्राँझ घालून ती ताईकडे आली. ताई भडकली होती.

"का गं सोडलंस? सोनं समोर होतं! मी काय उगाच दहा दिवस जास्त मशीनवर काढतेय?"

"दुसऱ्या उचलीला कमरेत बारीकशी चमक आली." धाकटीने कमरेचा पट्टा सोडला. "एरवी सोडलं नसतं. पण आत दुसऱ्याची वस्तू आहे ना. जपून न्यायला नको?"

शेजारी भावोजी एका अनोळखी माणसाला सांगत होते, "माझी मेहुणी आहे. शंभर उचलते, शंभर!"

"मग आण ते इकडे," ताईने हात पुढे केला. "वस्तू माझी, तर पदकही माझंच."

धाकटीने पदक काढून तिच्या गळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी ताई मशीनवर बसताना नर्सने दोनदा काढायला सांगून पाहिलं, पण चार तास ताईने ते गळ्यातून काढलं नाही.